नाही म्हणण्यापुरती तिबेटी

१० नोव्हेंबर, सोमवार. पिंगळी

आजपासून मी तिबेटी भाषा शिकणार आहे. वय त्रेसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघ्यांचं तर नावच काढू नये. शिकायचं कारण एकच. मला त्या भाषेत एक गोष्ट धडपणे बोलायची आहे, ती म्हणजे "नाही".

हकिकत लिहून ठेवतो, नाहीतर पुढं लोक काहीबाही सांगत बसतील. आमचे चिरंजीव सिद्धोधन, वय सत्तावीस, पुण्यात कंपनीत इंजिनियर, एसीत खुर्ची. दीड वर्षाखाली दहा दिवसांच्या कुठल्या तरी शिबिराला म्हणून गेला आणि तिकडूनच कर्नाटकातल्या एका तिबेटी मठात जाऊन बसला. डोकं भादरून घेतलं. फोटो पाठवला, त्यात कानच कान दिसतात. काल फोन आला. "आण्णा, फेब्रुवारीत माझी परीक्षा हाय. पास झालो की दीक्षा. पण त्याच्या आधी आई-बापाची परवानगी लागती. तुमी अन् माय या. गुरूंना हिंदी येत न्हाई, मी सांगतो समजून त्यांना."

वा रे वा. म्हणजे मी "नाही" म्हणायचं आणि यानं तिकडं "हो" पोचवायचं. अडतीस वर्षं मास्तरकी केली मी. पोरांनी बापाची खोटी सही करून आणलेली प्रगतिपुस्तकं पोत्यानं पाहिलीत. दुभाषा नको. मी माझ्या तोंडानं, त्यांच्या भाषेत सांगणार.

परवानगीचा हा नियम बुद्धाच्या बापानं मागून घेतलेला आहे. पोरगा गेला, मग नातूही गेला, तेव्हा शुद्धोदन राजा म्हणाला, आता पुरे, यापुढं आई-बापाला विचारल्याबिगर कुणाला भिक्खू करायचं नाही. बुद्धानं ऐकलं. अडीच हजार वर्षांत बापाच्या बाजूनं झालेला हा एकच नियम, तो मी वाया जाऊ देणार नाही. पोराचं नावसुद्धा मी विचार करून ठेवलं होतं. सिद्धार्थ ठेवलं असतं तर घर सोडून गेला असता, म्हणून घरी राहिलेल्या बापाचं, शुद्धोदनाचं, आमच्या बोलीत सिद्धोधन, ठेवलं. तरी गेलाच.

सुलाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आवो, त्यो तिथं जेवायलाय का नीट, ते इचारलं का?"

बायकोला दुसरं काही सुचत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

परभणीत दर हिवाळ्याला तिबेटी स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. नोव्हेंबरात येतात, जानेवारी सरता सरता जातात. आज सकाळच्या गाडीनं गेलो. पहिल्या तीन तंबूंतल्या पोरांनी मला मफलर विकायचा प्रयत्न केला. चौथ्यात एक पन्नाशीची बाई होती, यांगझोम नावाची. तिच्या पाटीवर "स्वेटर" हा शब्द चुकीचा लिहिलेला. मी आधी तो खडूनं दुरुस्त केला, मग नाव सांगितलं.

ती म्हणाली, "गुरुजी, बावीस साल से ऐसाच लिखा है. सब लोग पढ़ लेते."

चुकीचं लिहायचं आणि वर सगळे वाचतात म्हणायचं. अशा बाईकडून शिकायचं आता. पण तिचं गाव त्याच मठाच्या शेजारी निघालं, मठातली पोरं तिच्या दारावरून जातात. इलाज नव्हता. तिनं विचारलं, कशाला शिकायचंय? मी म्हणालो, पोराशी बोलायला. खोटं बोललो. ती म्हणाली, दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक नसतं, रोज या. एकच अट घातली. "खाली हाथ नहीं बैठने का."

म्हणजे शिकताना स्वेटरच्या घड्या घालायच्या. मी, सिताराम वाव्हळे, माजी मुख्याध्यापक, आज चार तासांत साठ स्वेटरांच्या घड्या घातल्या. बाह्या आत दुमडून. त्यातल्या अर्ध्या तिनं उकलून पुन्हा घातल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटी-पेन्सिल घेतली. दुकानदार म्हणाला, "नातवाला का गुरुजी?" मी सुटे पैसे मोजून दिले.

तीस अक्षरं आहेत. क ख ग ङ. आपलीच. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी त्यांचा कुणी विद्वान इकडं येऊन लिपी घेऊन गेला, आणि जाताना अर्धी वाटेत सांडली. घ नाही. झ नाही. ढ, ध, भ नाही. ज्या भाषेत घ नाही तिच्यात घर कसं म्हणायचं? खांगपा म्हणतात. घर कुठं आणि खांगपा कुठं. आमचा पोरगा अशा भाषेत राहायला गेलाय.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवली पाहिजे. अडतीस वर्षं मी पहिलीच्या पोरांना क-ख-ग-घ-ङ शिकवलं. तक्त्यावर कमळ, खटारा, गवत, घर, आणि ङच्या चौकटीत काही नाही. दर वर्षी कुणी ना कुणी उठायचंच, "गुरुजी, ङ कशाचा?" मी म्हणायचो, कशाचा नाही, गप बस. आज यांगझोमला विचारलं. ती म्हणाली, ङ म्हणजे मैं. नुसतं ङ म्हटलं की झालं, मी.

घरी येऊन सुलाबाईला सांगितलं. तिनं पोळपाट ठेवला आणि तीन-चार वेळा ङ ङ करून बघितलं. तिला पहिल्या झटक्यात जमलं. मला अजून घशात अडकतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ही भाषा ज्यानं लिहायला काढली त्याला माझ्या वर्गात बसवायला पाहिजे होता. "आठ" लिहायचं तर ब, र, ग, य, द अशी पाच अक्षरं मांडायची आणि म्हणताना नुसतं "ग्ये" म्हणायचं. मी म्हणालो, बाकीची गेली कुठं? यांगझोम म्हणाली, "वो भी हैं गुरुजी. सिर्फ बोलते नहीं."

शिकवायची रीत मात्र चोरीची आहे. क गिगु कि, क शपक्यु कु, क डेंगबु के, क नारो को. मोठ्यानं, डोलत, दिवसभर. हे आमचंच की. क ला वेलांटी कि, क ला उकार कु. ही तर माझ्या येलदरीच्या शाळेतली बाराखडी. मी मोठ्यानं सुरू केलं तर शेजारच्या तंबूतली पोरं हसायला लागली. यांगझोमनं त्यांना काहीतरी सुनावलं. मला त्यातला एक शब्द कळला, गेन. म्हणजे गुरुजी.

गेन तिला म्हणायचं असतं, असं मागून कळलं. विद्यार्थ्यानं शिकवणाऱ्याला "गेन-ला" म्हणायची रीत आहे. स्वेटर विकणाऱ्या बाईला मी गुरुजी म्हणू? मी "ओ बाई" म्हणतो. तिला चालतंय.

६ डिसेंबर, शनिवार

आज शिकवणी बंद. सकाळी विहारात जाऊन आलो. परत येताना किशनराव भेटला. शेजारी आहे, वीज खात्यातून रिटायर, जीभ अजून चालू लाईनवर. म्हणाला, "काय गुरुजी, लामा कधी होणार तुमी? बाप-लेक एकदमच बसा की." मी म्हणालो, मी त्याला आणायला चाललोय, बसायला नाही. म्हणाला, "मग कुस्ती शिका की, भाषा कशाला?"

घरी आल्यावर सुलाबाईपुढं मन मोकळं केलं. म्हणालो, आमच्या आज्यानं छप्पन्न साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतली. कशासाठी? घंटा अन् तुपाचे दिवे सुटावेत म्हणून, बुद्धीनं चालावं म्हणून. आणि हा पणतू परत घंटा वाजवायला चालला.

सुलाबाई विहारात नेसलेलं पांढरं लुगडं घडी घालत होती. म्हणाली, "तुमचा आजा गेला तवा त्यानं आपल्या बापाला इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. पणज्यानं महिनाभर दार उघडलं नाही म्हणतात. पण ती गोष्ट वेगळी. का वेगळी ते आत्ता लिहीत बसत नाही, हात दुखतोय.

१४ डिसेंबर, रविवार

आज आनंदाची बातमी. सिद्धोधनचा फोन आला तेव्हा मी तंबूत होतो. मठात जेवणानंतर अर्धा तास फोन देतात. म्हणालो, परीक्षेला काय असतं? म्हणाला, चाळीस पानं पाठ करून सगळ्या मठापुढं उभं राहून म्हणायची. म्हणालो, म्हण बरं थोडं. तो म्हणायला लागला.

काय सांगावं. पुटपुटणं नुसतं. ङला न म्हणतो. दोन ओळी झाल्या की गाडी रुळावरून खाली. आणि दीड वर्ष तिथं राहतोय हा. मला पाच आठवडे झालेत, तरी मला कळलं की चुकतोय. यांगझोम मान खाली घालून घड्या घालत राहिली.

मग हळूच बोलला, "आण्णा, जुलैत एकदा नापास झालो. तुमाला सांगितलं न्हवतं. आता झालो तर घरी पाठवतील."

येताना जिलेबी आणली. किशनरावलाही दिली. तो म्हणाला, "मग तर मिटलंच. बसा गप. आपोआप येतंय की घरी." खरंच आहे. मला नाही म्हणायचीसुद्धा गरज नाही. उद्यापासून जात नाही परभणीला.

सुलाबाईनं जिलेबी खाल्ली नाही. दात दुखतोय म्हणाली.

१७ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. पित्त असेल.

आमच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. माझा बाप दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर सालगडी होता. मला चौथीला पंच्याऐंशी टक्के पडले तेव्हा मालक म्हणाला होता, पाटी पुसून बघा, दुसऱ्याची असंल. त्या दिवसापासून बापानं एकच सांगितलं, उपाशी राहा पण नापास होऊ नको. माझी पोरगी धम्मशीला नापास झाली नाही. हाही कधी नव्हता झाला. आणि आता नापास झाला तो कुठं, तर आठ-आठ वर्षांच्या पोरांबरोबर एका ओळीत बसून.

तिथले लोक काय म्हणत असतील. गुरुजीचा पोरगा म्हणे.

२० डिसेंबर, शनिवार

नीट विचार केला. तो नापास होऊन घरी आला तर लोक म्हणतील, मठानं हाकलला. मग माझ्या नाहीला काय किंमत? तो पास झाला पाहिजे. पास झाल्यावर, दीक्षेच्या तोंडावर, मी नाही म्हणून त्याला घेऊन आलो, तर ते आणणं. नापासाला कुणीही आणील. तेव्हा त्याला पास करणं हा माझ्याच योजनेचा भाग आहे.

हे सुलाबाईला समजावून सांगितलं. म्हणाली, "व्हय, व्हय. बराबर हाय तुमचं." पहिल्यांदाच माझं एवढं पटलं तिला. लगेच डबा भरून दिला.

आजपासून रोज दुपारी एक वाजता त्याला फोनवर शिकवतो. यांगझोमनं फोन स्वेटरच्या ढिगावर ठेवायला जागा करून दिली.

२९ डिसेंबर, सोमवार

रोग सापडला. हा मोठ्यानं म्हणतच नाही. मनातल्या मनात वाचतो आणि पाठ झालं समजतो. म्हणालो, गिगु-शपक्यु मोठ्यानं म्हणून घेत नाही का मठात? म्हणाला, घेतात, पण मी नुसते ओठ हलवतो.

त्याची ही खोड जुनी आहे. येलदरीला माझ्याच वर्गात चौथीला होता. कविता म्हणताना मध्येच अडकला. मुख्याध्यापकाचा पोरगा, सगळ्यांपुढं. मी म्हणालो, आठवेपर्यंत उभा राहा. घंटा होईपर्यंत राहिला, कान लालभडक. मुंजाजी नावाचं एक पोरगं मागून हळूच पुढचा शब्द सांगायला गेलं, त्याला मी दोन छड्या जास्त दिल्या. माझ्या वर्गात सांगणाऱ्याला माफी नव्हती. चोरापेक्षा चोराला शिडी धरणारा वाईट. त्यानंतर सिद्धोधन वर्गात कधी अडकला नाही. मोठ्यानं बोलणंच बंद केलं होतं त्यानं. शांत पोरगं, सगळे मास्तर कौतुक करायचे. शिस्तीचा असा फायदा होतो.

पण आता ही शांती नडायलीय. त्याला म्हणालो, ओरड. तो म्हणाला, सगळे बघतात आण्णा. म्हणालो, इथं मी बाजारात बसून ओरडतोय, मला बघत नाहीत का?

आणि ओरडलो. क गिगु कि. यांगझोमनं साथ धरली. एक बाई नातीला स्वेटर घ्यायला आली होती, ती थांबून बघत राहिली. फोनमधून पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा आला. चिरका आहे. चौथीतल्यासारखाच.

८ जानेवारी, गुरुवार

सोळा पानं झाली. अर्थ कळल्याशिवाय मला पाठ होत नाही, म्हणून मी यांगझोमला प्रत्येक शब्द विचारतो. तिलाही सगळे येत नाहीत, मग ती गावाकडं फोन लावते, तिथला एखादा म्हातारा सांगतो. "चांगछुब" म्हणजे आपली बोधी. सरळ बोधी म्हणायला काय धाड भरली होती? पण शब्द वाईट नाही. पुष्कळदा येतो. सिद्धोधन हा एक शब्द कधी चुकत नाही, बाकी सगळे चुकतो.

आज एक विचित्र गोष्ट झाली. मजकुरात एके ठिकाणी तो आणि मी एकदमच चुकलो, एकाच जागी, एकच चूक. दोघंही हसलो. मग ती ओळ दोघांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

१९ जानेवारी, सोमवार

किशनरावनं बाजारात मला घड्या घालताना पाहिलं. आता पिंगळीभर सांगत फिरतोय की गुरुजींनी स्वेटरचं दुकान टाकलं. फिरू दे. त्याला ग्येसुद्धा म्हणता येत नाही.

त्याची एकतीस पानं झाली. माझी चाळीस कधीच झाली आहेत.

३० जानेवारी, शुक्रवार

तंबू उतरले. गठ्ठे बांधायला दिवसभर मदत केली. माझ्या घड्या आता ती उकलत नाही.

शेवटी कागद काढला. मठाच्या प्रमुखांपुढं बोलायचं वाक्य मी रात्रंदिवस घोकून तिबेटीत लिहून ठेवलं आहे. मी या मुलाचा बाप, मी परवानगी देत नाही, तो माझ्याबरोबर घरी येईल. चूक राहू नये म्हणून यांगझोमला दाखवलं. तिनं उभ्यानं वाचलं. पोराशी बोलायला शिकतो, हे मी पहिल्या दिवशी सांगितलेलं तिला आठवलं असणार. तिनं पेन मागितला, तीन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. म्हणाली, "अब ठीक है. अब कोई भी समझेगा."

मी म्हणालो, "गेन-ला, थुजेछे." गुरुजी, आभारी आहे. पहिल्यांदाच म्हणालो. ती म्हणाली, "वहाँ मिलेंगे, परीक्षा के दिन."

ती रागावली की नाही, ते या लोकांच्या तोंडावरून कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. मठ

रेल्वे, मग बस, मग आणखी एक बस. सुलाबाईनं सगळ्या वाटेत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे. इथं तिखट मिळत नाही असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

मठ भला मोठा आहे. भिंतींवर दात विचकलेली ध्यानं रंगवून ठेवलीत, दिव्यांच्या धुरानं डोळे चुरचुरतात. हे बघायला आजा नागपूरला गेला नव्हता. एक आडदांड भिक्खू काठी घेऊन पोरांच्या रांगांमधून फिरत असतो. त्या एका माणसाचं काम मला नीट वाटलं.

सिद्धोधन वाळलाय. पाया पडला. सुलाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसली, "खरखरीत लागायलंय रं." म्हणालो, पान बावीस म्हण. त्यानं म्हटलं. मोठ्यानं.

कागद खिशात आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

क्रमानं लिहितो.

सभागृहात तीन-चारशे भिक्खू. आम्ही बाहेरची माणसं मागं भिंतीशी, खिडकीजवळ. यांगझोमही आली होती. आधी लहान पोरं झाली, धडाधड म्हणून मोकळी. मग हा उठला. त्या चिल्ल्यापिल्ल्यांत ताडासारखा. कान आधीच लाल.

सुरू झाला. पहिली पानं चांगली गेली. ङ स्वच्छ आला. दहा, वीस, तीस पानं. मी पुढं सरकून बसलो होतो. छत्तिसाव्या पानावर, ओळीच्या मध्ये, हा थांबला.

मला वाटलं श्वास घेतोय. नव्हता घेत. समोर बघत उभा होता. काठीवाला भिक्खू थांबला. मग सिद्धोधननं मान वळवली आणि मागं आमच्याकडं बघितलं.

पुढचा शब्द मला माहीत होता. आणि हेही माहीत होतं की मी गप बसलो की संपलं. मला नाहीसुद्धा म्हणायला लागणार नाही. उद्याच्या बसनं पोरगं घरी.

दहावीच्या परीक्षेला खिडक्यांना लटकून पोरांना कॉपी पुरवणारे बाप मी हयातभर पाहिलेत. केंद्रप्रमुख असताना स्वतः काठी घेऊन त्यांना खिडकीवरून उतरवलंय. म्हणायचो, लाज नाही का, पोराला अडाणी ठेवता ते ठेवता, वर चोर बनवता? त्यांच्यातला एक जण एकदा म्हणाला होता, "गुरुजी, तुमाला न्हाई कळायचं." मी त्याला दोन काठ्या जास्त दिल्या होत्या.

मी बोललो, "चांगछुब."

हळूच म्हणणार होतो. पण अडतीस वर्षांचा वर्गातला गळा, सगळ्या सभागृहात गेला. तीनशे डोकी वळली. वर आसनावर बसलेल्या म्हाताऱ्या प्रमुखांनी विचारलं, "सु रे?" कोण आहे तो?

दुभाषा लागला नाही. माझ्या वर्गात मी हेच विचारायचो, कोण बोललं, उभं राहा. मी उभा राहिलो. म्हणालो, "ङ यिन." मी आहे.

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला, मग सिद्धोधनकडं. मग हातानं खूण केली, पुढं म्हण. आणि या पोरानं उरलेली पानं एका दमात, घसा फाडून, एक अक्षर न चुकता म्हटली. तो खाली बसला तेव्हा मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं नाही. सुलाबाईनं पदर दिला.

मागून यांगझोमला विचारलं, आता त्याचा निकाल रद्द होणार का? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, इथं कुणी अडकलं तर शेजारचा सांगतो, त्यात काय झालं?

कॉपी चालते यांना. आणि आपण यांना मोठे विद्वान समजतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी प्रमुखांच्या खोलीत बोलावलं. आम्ही दोघं, सिद्धोधन, एक सतरंजी, लोण्याचा खारट चहा. तो चहा म्हणजे पातळ वरण आहे. सुलाबाई दोन वाट्या प्याली.

म्हाताऱ्यानं आधी तिला विचारलं, एकेक शब्द सावकाश. मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "पोटभर जेवू घाला म्हणावं. बाकी माझं काही न्हाई." हे मी तिबेटीत सांगितलं. तो हसला. मग मला विचारलं. मला सगळं कळलं. असं सगळंच्या सगळं कळायला नको होतं.

कागद खिशात होता, तीन चुका दुरुस्त केलेला. वाक्य पाठ होतं. पण काल तीनशे माणसांदेखत कॉपी पुरवलेल्या माणसानं आज कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मला काही अधिकारच उरला नव्हता. सगळी योजना माझ्याच गळ्यानं बुडवली. म्हणालो, "छोक." परवानगी आहे. तीन महिने खपून शेवटी बोललो ते एक अक्षर, तेही भलतंच.

सिद्धोधन पाया पडला आणि लवकर उठला नाही. म्हणालो, ऊठ, माझं धोतर मळेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार. पिंगळी

घर मोठं वाटतंय. सुलाबाई आज दोन माणसांची भाकरी थापायला विसरली, तिघांची केली. तो दीड वर्षापासून इथं नाही, तरी आजच विसरली. किशनराव येऊन बसला. एक भाकरी त्याला दिली. मला पोराची आठवण येते. यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा नेमका चांगछुबला कसा अडकला? तो शब्द फोनवर त्यानं शेकडो वेळा म्हटला असेल, एकदाही चुकला नाही. त्या पानापर्यंत तोच शब्द वीस ठिकाणी येऊन गेला होता. आणि मी सांगितल्यावर पुढची चार पानं पाण्यासारखी.

सुलाबाईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमाला खरंच वाटतंय का, त्याला येत न्हवतं म्हणून?"

म्हणालो, म्हणजे? ती सूप घेऊन आत गेली.

हिला परीक्षेतलं काय कळतंय. ऐन वेळी धास्ती बसते, हुशारातलं हुशार पोरगं सोप्या शब्दाला अडकतं, असे मी हजार पाहिलेत. पुढची परीक्षा दोन वर्षांनी आहे, एकशे दहा पानांची. पुस्तक मागवलंय. त्या वेळी जरा पुढच्या रांगेत जागा धरावी लागेल, म्हणजे एवढं ओरडायला नको.